फक्त गरजूंनी संपर्क साधावा

बोईसरला राहणाऱ्या माणसाच्या फोनवर सकाळी गुड मॉर्निंगच्या गुलाबांमागोमाग एक तरी सोफा येतो. फोटोत सोफ्याबरोबर वाळत घातलेला टॉवेल, अर्धा टेबलफॅन आणि घरातल्या कोणाचे तरी पाय आलेले असतात. खाली मजकूर ठरलेला : ‘बदलीमुळे त्वरित देणे आहे. अत्यंत कमी वापर. किंमत फिक्स. फक्त गरजूंनी संपर्क साधावा.’ यातली बदली तेवढी खरी असते. कमी वापर म्हणजे पाहुणे आले की मुलांना त्यावरून उठवत असत. फिक्स किंमत पहिल्या फोनपर्यंत फिक्स. राहता राहिला गरजू. त्याचा पत्ता कोणालाच लागत नाही. सोफ्याची खरोखर गरज असलेला माणूस त्या ग्रुपवर नसतो, आणि ग्रुपवर जे असतात त्यांच्या घरी आधीच एक सोफा असतो. तोही त्यांना काढायचाच असतो.

गरजूला हाक मारण्यामागे आपली एक जुनी अडचण आहे. घरातली वस्तू विकणं हे आपल्याकडे चांगल्या घरचं लक्षण समजत नाहीत. पंखा विकायला काढला की शेजारी पंख्याच्या आधी तुमच्या नोकरीची चौकशी करतात. त्यामुळे पैशांचा काही प्रश्न नाही, कोणाच्या तरी उपयोगी पडावा एवढीच इच्छा आहे, असं आपण दारातच सांगून टाकतो. समोरचा माणूस ते खरं मानून दोनशे रुपये कमी करायला सांगतो. मग आपला आवाज चढतो. ‘एवढ्यात द्यायचा तर मी भंगारात घालीन!’ पंखा उपयोगी पडण्याचा विषय तिथेच मिटतो.

तरीही जुन्या सामानाची जेवढी उलाढाल आमच्या बोईसरला चालते, तेवढी आसपास कुठे चालत असेल असं मला वाटत नाही. याला कारण अणुवीज केंद्र. तारापूरचं केंद्र १९६९ च्या ऑक्टोबरात रीतसर सुरू झालं आणि त्याच्या नोकरदारांची वसाहत बोईसरला वसली. तेव्हापासून इथे माणसं येतात, पोरं दहावी-बारावी होतात, आणि मग एक दिवस कागद येतो : कैगा, काकरापार, कुडनकुलम किंवा रावतभाटा. कागद आला की घरातल्या वस्तूंची वाटणी होते. ट्रकमध्ये घालायच्या, गावी पाठवायच्या, आणि ग्रुपवर टाकायच्या. तिसरा ढीग सगळ्यात मोठा, आणि त्यात नवऱ्याने हौसेने आणलेल्या वस्तू अंमळ जास्तच.

या सगळ्यात कूलरची कहाणी ऐकण्यासारखी आहे. रावतभाटा राजस्थानात, कोट्याच्या अंगाला. तिथे उन्हाळ्यात कूलरशिवाय निभाव लागत नाही. तिथून बदलून आलेलं कुटुंब आपला पत्र्याचा थोराड कूलर मोठ्या प्रेमाने बोईसरला घेऊन येतं. शेजारीपाजारी काही बोलत नाहीत, फक्त एकमेकांकडे बघतात. कूलर हवेत ओलावा सोडतो, आणि मे महिन्यात आमच्या हवेत ओलाव्याला आणखी जागा उरलेली नसते. पहिल्या रात्री कूलर लावला की सकाळपर्यंत डब्यातले पापड मऊ पडतात, कपाटाची दारं फुगून लागेनाशी होतात आणि घरातली माणसं न्हाणीघरात झोपल्यासारखी घामेजून उठतात. आठवडाभरात कूलर ग्रुपवर येतो. इथल्या माणसाला तो नकोच असतो. त्याला गिऱ्हाईक एकच, ज्याच्या हातात रावतभाट्याचा कागद पडलाय तो. त्यामुळे वसाहतीत कोणी कूलर विकत घेताना दिसला की त्याचं अभिनंदन करावं की सांत्वन, हे लोकांना पटकन कळत नाही. मी एका कूलरच्या पाठीवर वेगवेगळ्या रंगांत तीन क्वार्टर नंबर रंगवलेले पाहिलेत. साहेब लोक निवृत्त झाले, कूलर अजून सेवेत होता.

निवृत्तीवाल्यांचं दुखणं वेगळं. क्वार्टर सोडायचं म्हणजे चाळीस वर्षांचं सामान घेऊन आपल्या वन-बीएचकेत शिरायचं. आमच्याकडे हे झालं तेव्हा मी यांना म्हटलं, निदान तो मिक्सर तरी काढा. लग्नानंतरच्या एका दिवाळीत घेतलेला, चालू केला की वरच्या मजल्यावरचे फोन ठेवून द्यायचे. हे म्हणाले, ‘एकोणसत्तर सालचे संच अजून डागडुजी करून चालवायची खटपट चालू आहे. कोणी भंगारात घातले का? तुला चौऱ्याण्णवचा मिक्सर जड झाला!’ जिचा नवरा अणुवीज केंद्रात होता तिने जुन्या यंत्राविरुद्ध बोलू नये. यांच्या मते नीट देखभाल केली की काहीही आयुष्यभर चालतं. देखभाल म्हणजे दर महिन्याला मिक्सर उघडून टेबलावर पसरायचा आणि शेवटी एक स्क्रू उरला की तो काचेच्या बरणीत टाकायचा. ती बरणीही आम्ही वन-बीएचकेत आणली आहे.

पालघरला हा व्यवहार जरा उशिरा आला. २०१३ च्या एप्रिलात लोकल डहाणूपर्यंत धावायला लागली आणि मुंबईची बिऱ्हाडं पालघरला फ्लॅट घेऊन आली. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत जे सामान बिनतक्रार मावत होतं ते दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये काही केल्या मावेना. माझ्या नणंदेने हे कोडं अजून सोडवलेलं नाही. पुढे १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. साहेब आले, साहेबांबरोबर बदल्या आल्या आणि बदल्यांबरोबर ‘साहेबांच्या घरचा’ फ्रिज ही एक वेगळी जात बाजारात आली. साहेबांच्या घरचा फ्रिज म्हटलं की दोन हजार रुपये चढे लागतात. आत काय बिघडलंय ते विचारायचं नाही.

आता घेणाऱ्याकडे वळू. आमच्याकडचं गिऱ्हाईक सोफा पाहायला येतं ते मुलगी पाहायला आल्यासारखं. एकटं कधी येत नाही. नवरा, बायको, सासू आणि ज्यांना लाकडातलं कळतं असे एक काका. काका बोटाच्या पेराने सोफ्याच्या पायावर टकटक करतात आणि कोणाकडेही न बघता ‘हं’ म्हणतात. सासू बसून पाहते, मग दुसऱ्या टोकाला बसून पाहते. चहा होतो. ‘रंग फोटोत जरा उजळ वाटला होता,’ असं बायको हळूच बोलते. आपण सोफ्याचे गुण सांगतो, घराण्याचं नाव, म्हणजे दुकानाचं नाव सांगतो, आजवर एकदाही दुरुस्ती करावी लागली नाही हे शपथेवर सांगतो. निघताना ते चपला घालत ‘कळवतो’ म्हणतात. या ‘कळवतो’चा अर्थ कोणाला सांगायला नको.

फ्रिज आणि वॉशिंग मशीनची परीक्षा त्याहून कडक. चिंचणी, तारापूर, दांडी, नवापूर या किनाऱ्यावरच्या गावांतून वस्तू आली असेल तर अनुभवी गिऱ्हाईक वरचा रंग पाहतच नाही. मोबाईलचा टॉर्च लावून जमिनीवर आडवं होतं आणि बूड पाहतं. खारा वारा पत्र्याला खालून खातो. बोईसरच्या कारखान्यांच्या बाजूने आलेला एसी असेल तर आणखी एक शंका. औद्योगिक क्षेत्रांच्या प्रदूषणाचा जो निर्देशांक केंद्रीय मंडळ काढतं, त्यात २०१८ साली तारापूर देशात पहिलं आलं होतं. इतक्या वर्षांत आमच्या भागाचा कशात तरी पहिला नंबर आला म्हणून मी पेढे वाटणार होते, पण एसीवाल्याने सांगितलं, त्या हवेत तांब्याची कॉइल टिकत नाही. समुद्राच्या बाजूला राहावं तर पत्रा जातो, कारखान्यांच्या बाजूला राहावं तर तांबं. त्यापलीकडे रेल्वेलाईन आहे.

फोन आणि फोटो यायच्या आधी या सगळ्याचा निवाडा दोन माणसं करायची, आणि अजूनही शेवटची खेप त्यांच्याकडेच जाते. एक बोहारीण, दुसरा भंगारवाला. बोहारणीइतकं कापडातलं ज्ञान कुठल्या कॉलेजात मिळत असेल असं मला वाटत नाही. ती जिन्याच्या पायरीवर बसते, डोक्यावरचं गाठोडं बाजूला ठेवते आणि शर्ट उजेडाकडे धरते. विरलेली जागा तिला आधी दिसते, शर्ट नंतर. ‘बेन, कॉलर गेली,’ ती म्हणते. मी म्हणते, कॉलर उलटवून घे. ती म्हणते, उलटवलेलीच आहे. हे खरं असतं. माझ्या सासूबाईंनी ती दहा वर्षांपूर्वी उलटवली होती. मग स्टीलच्या पातेल्यावरून बोलणी सुरू होतात. चार शर्ट, दोन पँटी आणि एका जरीच्या साडीवर ती एक वाटीएवढं भांडं पुढे करते. मी मोठ्या घमेल्याकडे बोट दाखवते. ती उठून गाठोडं बांधायला लागते. मी दार लावायला लागते. दोघींनाही माहीत असतं की ना ती जाणार आहे, ना मी दार लावणार आहे. शेवटी मधल्या आकाराच्या पातेल्यावर सौदा पटतो, आणि वर एक परकर घातल्याशिवाय ती उठत नाही. यांचा ऑफिसला जायचा चांगला शर्ट अशा परकराच्या भावात कधी गेला, हे यांना कळलेलं नाही. हा लेख ते वाचणार नाहीत याची मी व्यवस्था केली आहे.

भंगारवाल्याकडे बोलण्याला जागा नसते. त्याच्या काट्यापुढे सगळं सारखं. आमची ट्रेडमिल चार वर्षं कपडे वाळत घालायला फार उपयोगी पडली. पावसाळ्यात तर तिच्याशिवाय पान हलत नसे. ती ग्रुपवर टाकली, कोणी ‘कळवतो’सुद्धा म्हणालं नाही. शेवटी भंगारवाला आला, त्याने तिला एका बाजूने उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि आकडा सांगितला. हे कळवळून म्हणाले, ‘अरे, उसमें मोटर है, दो हॉर्सपॉवर का!’ तो म्हणाला, ‘साहब, मोटर का तांबा अलग तोलेंगे ना.’ हे आत जाऊन बसले. सौदा फिसकटला. ट्रेडमिल अजून आहे आणि आत्ता तिच्यावर दोन चादरी वाळताहेत.

आमच्या सोसायटीत डिकी बाजार भरला तो तळमजल्यावरच्या काकांमुळे. काका मुलीकडे इंग्लंडला तीन महिने राहून आले होते. तिथून येणारा माणूस एरवी थंडीचं आणि शिस्तीचं सांगतो. काकांनी मैदानावरच्या बाजाराचं सांगितलं. रविवारी पहाटे शेतात गाड्या ओळीने लागतात, जागेचं थोडं भाडं भरायचं, डिकी उघडायची आणि घरातलं नको ते मांडून बसायचं. पट्टीचं गिऱ्हाईक उजाडायच्या आत टॉर्च घेऊन हजर. ही टूम तिकडे १९७० च्या दशकात रुळली. स्टॉकपोर्टच्या एका धर्मगुरूने चर्चसाठी पैसे उभे करायला ती आणली असं सांगतात. काकांनी तिथून एक बरणी, एक छत्री आणि एका अनोळखी इंग्रज कुटुंबाचा फोटो फ्रेमसकट पन्नास पेन्सला आणला होता. फोटो काढून त्यांनी फ्रेममध्ये गजानन महाराज बसवले. ‘यात लाज कसली?’ काका मीटिंगमध्ये म्हणाले. ‘तिकडे डॉक्टर लोक चमचे विकतात!’

मीटिंग दीड तास चालली. बाहेरच्यांना आत सोडायचं का, सोडलं तर वॉचमनने वहीत काय लिहायचं, सोसायटीने किती घ्यायचे, आणि मुख्य म्हणजे ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी काय करायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंनी विचारलं, स्कूटीच्या डिकीत मावेल तेवढंच विकायचं का? यावर सेक्रेटरींनी नियमावली चाळली. शेवटी दसऱ्यानंतरचा, साफसफाईतला रविवार ठरला.

पहिला तास कोणीच काही विकलं नाही, कारण प्रत्येकजण आपली डिकी नवऱ्यावर सोपवून दुसऱ्यांच्या घरात इतकी वर्षं काय होतं ते बघत फिरत होता. बाजाराची खरी कमाई ती. अमक्यांकडे तीन इडलीपात्रं आहेत आणि तमक्यांनी योगाच्या चटया कधी उलगडल्याच नाहीत, हे त्या दिवशी कळलं. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी आमच्या वास्तुशांतीला दिलेला लेमन सेट त्यांनी स्वतःच आमच्याकडून चाळीस रुपयांना घेतला. त्यांनी तो ओळखला नाही. आम्हीही ओळख दिली नाही.

सगळ्यात पंचाईत झाली पुस्तकवाल्यांची. इंजिनीअरिंग प्रवेशाच्या तयारीची पुस्तकं, जाडजूड, काही तर प्लास्टिकसुद्धा न काढलेली. गिऱ्हाईक भरपूर, पण विकत घ्यायच्या आधी प्रत्येक आई एकच विचारायची : ‘हीच वाचून तुमचा कुठे लागला?’ ज्यांचा चांगल्या ठिकाणी लागला होता त्यांची पुस्तकं छापील किमतीला गेली, पेन्सिलच्या खुणांसकट. खुणांचे जास्त पडले. बाकीच्यांनी ‘भाच्याची आहेत’ असं सांगून डिकी अर्धी खाली केली.

काही वस्तू मात्र कोणी मांडल्या नाहीत. आजोबांचा वॉकर, चाकांची कमोड खुर्ची, हवेची गादी. त्यांचा भाव कोणी करत नाही. त्या या घरातून त्या घरात आपोआप जातात आणि ज्या घरात जातात तिथे ‘किती झाले’ असं विचारायची पद्धत नाही. काकांनी एका खोक्यावर ‘फुकट न्या’ असं लिहून ठेवलं होतं. त्यात चांगल्या बरण्या होत्या. लोक खोक्याजवळ यायचे, पाटी वाचायचे आणि आवाज खाली आणून विचारायचे, ‘कोणी गेलं का?’ दुपारी काकांनी पाटी खोडून ‘दहा रुपये’ लिहिलं. बरण्या दहा मिनिटांत संपल्या.

अकराच्या सुमाराला फाटकाशी तीन पोरं आली. सालवडच्या बाजूला खोली घेऊन राहणारी, कारखान्यात कामाला, नुकतीच गावाकडून आलेली. त्यांना गादी, भांडी, टेबलफॅन सगळंच हवं होतं. जाहिरातींतून ज्याला वर्षानुवर्षं हाका मारत होतो तो गरजू एकदाचा आला. वॉचमनने त्याचं आधार कार्ड मागितलं. मग सेक्रेटरींनी मागितलं. मग त्याने कुठल्या कंपनीत, कोणाच्या ओळखीने, खोलीत किती जण, याची उत्तरं दिली आणि त्याला आत सोडण्यात आलं. फॅनचा भाव ऐकून तो फक्त हसला. गरजूचं हसणं काय असतं ते ग्रुपवर कळत नाही. फॅन निम्म्यात गेला.

त्यातल्या धाकट्याने माझं जुनं पातेलं उचललं. दणदणीत स्टीलचं, तांदूळ कधी खाली लागला नाही असं. त्याच्या काठावर भांड्याच्या दुकानातल्या मशीनने टिंब टिंब करून कोरलेलं आहे : ‘मामाकडून सप्रेम भेट’, आणि खाली लग्नाची तारीख, साल १९८७. तो अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाला, ‘ये क्या लिखा है, आंटी?’

यांनी मध्येच तोंड घातलं. ‘गॅरंटी की तारीख है. सत्तासी से चालू है.’

पोराने पातेलं कानाजवळ नेऊन वाजवलं, काठ बघितला, बूड बघितलं. ‘तो फिर गॅरंटी खतम हो गया ना,’ तो म्हणाला आणि वीस रुपये कमी केले. मामा माझा. मला जरा लागलं. पण पोराने भाव इतका चोख केला होता की मी झाकणही देऊन टाकलं, कारण झाकणाशिवाय भात कसा शिजवणार?

एकपर्यंत बाजार ओसरला. हिशेब केला तेव्हा सोसायटीतल्या वस्तू बहुतांशी सोसायटीतच राहिल्या होत्या, फक्त मजले बदलले होते. आमच्याकडे एक इडलीपात्र जास्त आलं होतं. विकायला काढलेला आमचा दिवाण मात्र तसाच उभा होता. तो डिकीत मावत नव्हता म्हणून गाडीच्या बाजूला टेकवून ठेवला होता, आणि सकाळपासून लोक त्यावर बसून दुसऱ्यांच्या वस्तूंचे भाव करत होते.

हे डिकी बंद करत होते, तेवढ्यात फाटकातून पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ आत आले. गाडीभोवती एक फेरी मारली, टायरवर बूट आपटला, वाकून बूड पाहिलं. माणूस किनाऱ्याकडचा असणार. मग यांना विचारलं, ‘काका, गाडी कितीला?’

गाडी विकायची नाही हे सांगायला यांनी तोंड उघडलं. गाडी बारा वर्षांची, डाव्या दाराला खांबाची ओळख असलेली, पण यांनी स्वतः पॉलिश केलेली. गृहस्थांनी उत्तराची वाट न बघता आकडा सांगितला. दिवसभरात आमच्या कुठल्याही वस्तूला एवढा आकडा कोणी लावला नव्हता. हे गप्प झाले. त्यांच्या चेहऱ्यावर गाडीविषयीचं प्रेम आणि आकड्याविषयीचा आदर आळीपाळीने दिसत होता.

‘टेम्पो आणलाय का?’ मी विचारलं.

‘टेम्पो कशाला? चालवत नेईन.’

‘मग आधी टेम्पो आणा,’ मी म्हटलं. ‘दिवाण घेणार असाल तर गाडीचं बघू.’